‘ओटी डबल का सर?’ : सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्याचं प्रकरण

सप्टेंबर २०२३ मधला एक शनिवार, रात्रीचे पावणेदहा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मास्तरांचा, म्हणजे मागांवर देखरेख करणाऱ्या मुकादमांचा, मेसेज पडला : ‘उद्या सगळ्यांनी सकाळी ८ ला यायचं. कारण चालणार नाही.’ दोन मिनिटांत सात-आठ अंगठे आले. मग तेवीस वर्षांच्या एका ऑपरेटरने लिहिलं, ‘ओटी डबल का सर?’ म्हणजे ओव्हरटाइमचे पैसे दुप्पट मिळणार का?

त्यानंतर एकही अंगठा आला नाही.

ग्रुपचे ॲडमिन मास्तरच. दहा वाजून पाच मिनिटांनी तो मुलगा ग्रुपमधून बाहेर. रविवारी तो आला नाही, आणखी तिघंही आले नाहीत. पुढच्या महिन्यात दहा तारखेला पगार खात्यावर पडला आणि अकराला पाच जण गायब. दिवाळीपर्यंत आकडा नऊवर गेला. राजीनामा एकाचाही नाही. फोन केला तर ‘स्विच ऑफ’. चार माग आठ दिवस नुसते उभे होते, आणि बाहेरदेशीच्या ऑर्डरची तारीख डोक्यावर.

मी या कारखान्याचं पगारपत्रक, पीएफ, ईएसआयसी (कामगार विमा) बघतो. महिन्यातून दोनदा जाणारा बाहेरचा माणूस. कारखान्याचं आणि माणसांचं नाव लिहीत नाही. त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला त्या रात्रीही ठाऊक होतं, ते आधीच कबूल करतो. आठवड्याचे ४८ तास भरले की पुढच्या प्रत्येक तासाला दुप्पट दर, असं १९४८ चा कारखाने कायदा सांगत होता. इथे रविवारी एक दिवसाचा साधा पगार आणि वर शंभर रुपये खर्ची मिळायची. ती रक्कम पगारपत्रकात ‘इन्सेंटिव्ह’च्या रकान्यात बसायची. तो रकाना मीच आखला होता.

कारखाना कसा आहे ते सांगतो. तीसेक रॅपिअर माग (धोट्याशिवाय चालणारे), त्यातले काही जॅकार्डचे, म्हणजे नक्षी विणणारे, पंच्याऐंशी माणसं. मालक एकसष्ट वर्षांचे. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. चिरंजीव पुण्याहून एमबीए करून आलेले, ते धाकटे मालक. मधे मास्तर, वय अठ्ठावन्न. घरी तेलुगू, कारखान्यात सोलापुरी मराठी, माग बिघडला की दोन्ही एकदम. सोलापूरच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, पण त्या टॉवेलाचा पोत मशीनच्या पडद्यावर कमी आणि मास्तरांच्या तळहातात जास्त असतो. ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, बीमवर हात ठेवून ते सांगतात, ‘सैल आहे.’ आणि सैलच असतं.

अण्णांनी मला बोलावलं ते वेगळ्याच कामासाठी. ‘पोरं टिकत नाहीत. दोन वर्षांचा बाँड करून घेऊ. ओरिजिनल मार्कशीट आपल्याकडे ठेवू.’ मार्कशीट ठेवायची नाही, एवढं मी तिथेच सांगितलं. बाँडचं म्हणाल तर पंधरा-सोळा हजारांच्या नोकरीमागे कोर्टात कोण जाणार? मग मी विचारलं, ‘अण्णा, गेलेल्यांना कुणी विचारलं का, का गेलात म्हणून?’ अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चोराला पत्ता विचारायला सांगत होतो.

नऊपैकी सहा जणांनी फोन उचलला. चौघं सात रस्त्याजवळच्या एका टपरीवर भेटले. पगार कमी, हे पहिलं वाक्य असेल असं मला वाटलं होतं. ते तिसरं-चौथं निघालं. पहिलं वाक्य होतं, ‘सर, आपल्याला काय कळतच नाही तिथं.’ रविवार आहे की नाही हे शनिवारी रात्री कळतं. कापलेले दोनशे रुपये कशाचे, हे पगार झाल्यावर कळतं, कधी कळतही नाही. एकाने खिशातून मोबाईल काढून पीएफचं पासबुक दाखवलं. ‘१५ तारीख उलटली की पैसे दिसायला पाहिजेत ना? ऑगस्टचे उशिरा आले. मास्तरला विचारलं तर म्हणतो, तू कोण विचारणार बे?’

त्याच्या वडिलांनी पीएफचा आकडा आयुष्यात एकदाच बघितला असेल, नोकरी सुटताना. २०१४ पासून यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा एकच नंबर, आला, २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, आणि ऑफिसातल्या कपाटातला हिशोब पोराच्या खिशात गेला. १९९७ पासून पुढे जन्मलेले ते ‘जेन झी’, ही रेघ अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने त्यांच्या पाहण्यांसाठी आखली आहे. आमच्याकडे रेघ वेगळ्या जागी आहे असं मला वाटतं. अलीकडे गिरण्या बंद पडताना बघितलेली माणसं, पलीकडे त्याची फक्त गोष्ट ऐकलेली.

या गोष्टीवर थोडं थांबायला हवं. सोलापुरात पहिली मोठी गिरणी १८७७ ची. पुढे शंभर-सव्वाशे वर्षं भोंग्यावर हे गाव उठलं-बसलं. नव्वदच्या दशकात एकेक गिरणी बंद पडत गेली तेव्हा मास्तर तिशीच्या आत होते, नुकतं लग्न झालेलं. त्यातून ते एक गोष्ट शिकले : काम हातात आहे तोवर मान खाली. टपरीवरच्या चौघांतल्या एकाचे आजोबा एकवीस वर्षं गिरणीत होते. तो म्हणाला, ‘आजोबा एक दिवस लेट गेले नाहीत, सर. गिरणी बंद झाल्यावर थकलेल्या पैशांसाठी किती वर्षं खेटे घातले ते घरी विचारा.’ प्रसंग एकच, पण आजोबांकडून नातवाने नेमका उलटा धडा घेतला. ‘यांना निष्ठा नाही’ असं अण्णा म्हणतात तेव्हा मला तो मुलगा आठवतो. निष्ठेचं काय होतं हे त्याच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

दुसरा पुण्याला एका गोदामात लागला होता. खोलीभाडं, मेस जाऊन हातात इथल्यापेक्षा कमीच उरायचं. मग गेलास कशाला? ‘तिथला साहेबपण शिव्या देतो, सर. पण आज किती तास झाले, किती पैसे झाले, रोज रात्री मोबाईलवर दिसतं.’

हे सगळं मी येऊन सांगितलं. त्याआधीच धाकट्या मालकांनी आपला उपाय चालू केला होता. पुण्याहून एक वक्ते आणले, दोन तास टाळ्या. कॅरम बोर्ड आला. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी वाढदिवसवाल्यांचा एकत्र केक. गेटजवळ सूचनापेटी. हेतू वाईट नव्हता, मीही केक खाल्ला. महिन्याने पेटी उघडली तर आत एकच चिठ्ठी : ‘पेटीची चावी मास्तरकडे आहे.’ धाकटे मालक त्या चिठ्ठीवर बराच वेळ हसत होते. मग गप्प झाले.

खरं काम सुरू झालं ते रविवारच्या हिशोबापासून. कागद घेऊन बसलो. १५,६०० रुपये पगाराच्या माणसाचे २६ दिवसांनी दिवसाला ६०० होतात, तासाला ७५. दुप्पट दराने आठ तासांचे १,२००. आजवर ७०० देत होतो. बारा माणसं बोलावली तर एका रविवारचा फरक सहा हजार. शिवाय बदली सुट्टी. अण्णांनी चष्मा काढला. ‘सहा हजार? दर रविवारी?’ धाकटे मालक म्हणाले, ‘अण्णा, चार माग आठ दिवस उभे होते. त्याचा आकडा काढू का?’ तो काढला. काढल्यावर अण्णांनी चहा मागवला आणि विषय बदलला. आमच्याकडे मालक हो म्हणतो तो असाच.

ठरलं ते एवढंच. रविवारचं काम असेल तर गुरुवारी दुपारी ग्रुपवर पडेल, किती माणसं हवीत ते लिहून. येणाऱ्याने स्वतः नाव टाकायचं. दर दुप्पट, आणि पगाराच्या चिठ्ठीवर तो ‘ओव्हरटाइम’ असाच दिसेल. माझा ‘इन्सेंटिव्ह’चा रकाना गेला. पीएफ भरल्याच्या पावतीची प्रत टाइम ऑफिसच्या बाहेर लावायची. कापलेल्या प्रत्येक रुपयासमोर कारण. पहिल्याच गुरुवारी बारा जण हवे होते, सतरा नावं आली. पाच जणांना नाही म्हणावं लागलं, त्यावरून जरा कुरबूरही झाली.

अण्णांना वाटलं, संपलं. धाकट्या मालकांनाही वाटलं. मला थोडी शंका होती, कारण या सगळ्यात मास्तर कुठेच नव्हते. गुरुवारचा मेसेज धाकटे मालक टाकत होते आणि मास्तर तो शेवटी वाचत होते. पोरं काही विचारायची असली तर त्यांना ओलांडून ऑफिसात जायची. चाळीस वर्षं मागांत काढलेल्या माणसाला दोन महिन्यांत बिनकामाचं करून ठेवलं होतं, आणि ते कुणाच्या मनात आलंही नव्हतं. व्यवस्थापनावरची भाषणं वरच्या साहेबाला असतात आणि तक्रारी खालच्या पोरांच्या असतात. मधल्या माणसाला सगळे ‘अडथळा’ म्हणतात आणि पुढे जातात.

फेब्रुवारीत एका मंगळवारी ते बाहेर आलं. एका लॉटचा टॉवेल एका टोकाला जड, दुसऱ्या टोकाला हलका भरत होता, मधे पाईल, म्हणजे टॉवेलावरचे धाग्याचे फासे, बसलेली. क्वालिटीला चोवीस वर्षांची एक मुलगी होती, टेक्स्टाइलचा डिप्लोमा केलेली. ती वजनकाट्यावर तुकडे मांडून आकडे लिहीत होती. मास्तर आले, पाईलच्या बीमवर तळहात ठेवला, डावीकडे दोन बोटं सरकवली, ताण थोडा कमी केला. पुढचा टॉवेल सरळ. मुलीने तोवर मोबाईल काढून त्यांच्या हाताचा व्हिडिओ घेतला होता. ‘कुणाला विचारून?’ मास्तर ओरडले. अख्खं शेड थांबलं. थांबलं म्हणजे माणसं थांबली, माग चालूच होते. ती घाबरली, पण मागे सरली नाही. ‘मास्तर, तुम्ही रजेवर असता तेव्हा आम्ही काय करायचं?’

उत्तर आलं नाही. संध्याकाळी ऑफिसात धाकट्या मालकांनी मास्तरांना समजावलं, असे आणखी व्हिडिओ करू, नव्या पोरांना उपयोग होईल. दोन व्हिडिओ त्यांनी करूही दिले. दुसऱ्यात तर ते तेलुगू-मराठी मिसळून छान बोललेत. ‘धागा घामट झाला की असा वागतो’ असं म्हणतात आणि कपाळ पुसतात. तिसऱ्याला नाही म्हणाले. मी तिथेच रजिस्टर तपासत बसलो होतो. माझ्याकडे वळून म्हणाले, ‘साहेब, सगळं देऊन टाकलं तर मला ठेवतील कशाला?’

एवढ्या महिन्यांत या कारखान्यात मी ऐकलेलं सगळ्यात खरं वाक्य हेच. पोरांशी ते का तुटक वागतात, ग्रुपमधून का काढतात, ‘तू कोण विचारणार’ का म्हणतात, सगळ्याच्या मुळाशी हे होतं. त्यांच्याकडे भांडवल म्हणून एवढंच होतं की ते दुसऱ्या कुणाला येत नाही.

मी सहज म्हणून त्यांची फाईल काढली. वारसाचा फॉर्म होता, आधारची प्रत होती. नियुक्तिपत्र नव्हतं. चोवीस वर्षं नोकरी आणि एकही कागद असा नाही की ज्यावर लिहिलंय, हा माणूस इथे या पदावर आहे. गंमत अशी की गेलेल्या पोरांची एक मागणी हीच होती : सर, जॉइनिंग लेटर द्या. त्यावर मास्तर म्हणाले होते, ‘लेटर कशाला पाहिजे बे, पगार मिळतोय ना?’ आता कळलं की ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच कधी मिळालं नव्हतं.

मार्चमध्ये पंच्याऐंशी नियुक्तिपत्रं छापली. (आता नव्या श्रम संहितांमुळे ते द्यावंच लागतं, तेव्हा कुणी विचारत नव्हतं.) मास्तरांच्या पत्रात पद लिहिलं ‘मुख्य मास्तर व प्रशिक्षक’, आणि वयाच्या बासष्टीपर्यंत ठेवण्याचं कलम घातलं. अण्णा जरा कचरले, ‘बासष्ट कशाला लिहायचं, आपण काय काढणार आहे का त्याला?’ मी म्हणालो, ‘काढणार नसाल तर लिहायला काय हरकत आहे?’ पोरांनी आपापल्या पत्रांचे फोटो काढून घेतले आणि कागद बॅगेत कोंबले. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी येताना आपलं पत्र लॅमिनेट करून आणलं होतं. डब्याच्या पिशवीत, कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या पुडीशेजारी.

तिसरा व्हिडिओ एप्रिलमध्ये झाला. ते म्हणाले म्हणूनच झाला, कुणी मागितला नव्हता.

सुट्ट्यांचा प्रश्न थोडा आधीचा, पण तो इथे सांगतो, कारण ‘या पोरांत दम नाही’ या अण्णांच्या वाक्याचं काय झालं ते त्यात आहे. जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा, आपली गड्ड्याची जत्रा. ज्याच्याबद्दल मास्तरांची सगळ्यात जास्त तक्रार, सकाळी दहा मिनिटं उशिरा येतो, डोळ्यांवर झोप असते, त्या ऑपरेटरने चार दिवस सुट्टी मागितली. नाही म्हटलं. तेव्हा कळलं की तो नंदीध्वजाच्या मानकऱ्यांबरोबर काठी पेलणाऱ्यांत आहे. यात्रेच्या कितीतरी आठवडे आधीपासून रोज रात्री सराव. सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांची वाट, पांढरी बाराबंदी घालून, तोल जाऊ न देता, थकला की दुसऱ्याच्या हाती देत. कुणी हजेरी मांडत नाही, कुणी पैसे देत नाही. सकाळची झोप त्या सरावाची होती.

अण्णा स्वतः दरवर्षी अक्षता सोहळ्याला जातात. खाली मान घालून म्हणाले, ‘मग आधी सांगायचं ना.’ मुलगा म्हणाला, ‘विचारलं कुणी?’ जरा उद्धटच, पण बरोबर.

त्यातून पोरांनीच वर्षाचा तक्ता केला. गड्ड्याला ज्यांना जायचं त्यांच्या पाळ्या मुस्लिम पोरं आणि पूर्व भागातली, म्हणजे तेलुगू वस्तीतली, पोरं धरणार. एप्रिलमध्ये ईदला उलट. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो तेव्हा पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातली, पोरं मोकळी. हा तक्ता ऑफिसने केला असता तर त्यावर महिनाभर भांडणं झाली असती. त्यांनी केला, त्यांनी पाळला. एकदा मोडला, तेव्हा आपसांतच काय ते मिटवलं. काय झालं ते आम्हाला अजून माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही.

‘बे’वरही एक बैठक झाली, खरंच झाली. पुण्यात तीन वर्षं राहून आलेला एक मुलगा म्हणाला, मला ‘का बे’ म्हणायचं नाही. बाकीचे म्हणाले, ‘बे’ काढला तर सोलापूरकराने बोलायचं काय? धाकट्या मालकांनी नोटीस काढायचं मनात आणलं होतं, ती मी काढू दिली नाही. मास्तरांची अडचण अशी की ते सगळ्यांना ‘बे’ म्हणत, पण त्यांना म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. दोघं एकमेकांना म्हणतात तेव्हा तो ‘बे’ गोड असतो. एकच जण म्हणतो तेव्हा त्यात पायरी असते. ठराव काही झाला नाही. त्या मुलाला मास्तर नावाने हाक मारू लागले, बाकी सगळं तसंच.

सगळं सुरळीत झालं असं लिहायचा मोह आहे, पण तसं नाही. क्वालिटीची ती मुलगी जून २०२४ मध्ये पुण्याला गेली, जास्त पगारावर. अण्णांना लागलं. ‘एवढं करून शेवटी गेलीच ना?’ गेली. पण तीस दिवस आधी सांगून गेली, तिच्या जागी आलेल्या मुलाला वजनाच्या नोंदी कशा ठेवायच्या ते शिकवून गेली, आणि शेवटच्या दिवशी अण्णांच्या हातून चादर घेऊन पाया पडून गेली. दिवाळीपर्यंत गेलेले नऊ आणि ही एक, दोन्ही रजिस्टरात ‘सोडून गेले’ याच रकान्यात आहेत. माझ्या मते हे दोन रकाने असायला हवेत.

आणखी दोन गोष्टी फसल्या. दर शनिवारी पंधरा मिनिटांची उभ्याउभ्या बैठक ठेवली होती, ती तीन आठवड्यांत बंद पडली. आठ तास उभा राहिलेला माणूस आणखी उभा राहून काय बोलणार? आणि ओव्हरटाइम दुप्पट झाल्यावर धाकट्या मालकांनी रविवारच कमी केले. ते मालकाच्या दृष्टीने शहाणपणाचं, पण ज्या पोरांनी त्या पैशांवर गाडीचा हप्ता धरला होता ती नाराज आहेत. ‘आधीच बरं होतं’ असंही एकाने मला ऐकवलं. माझ्याकडे त्याला द्यायला उत्तर नव्हतं.

‘ओटी डबल का सर?’ विचारणारा मुलगा परत आलेला नाही. टपरीवर भेटला होता तेव्हा विचारलं होतं, येशील का? म्हणाला, ‘बघू.’ ग्रुपमध्ये मात्र त्याला परत घेतलंय. कुणी घेतलं ते ॲडमिनलाच माहीत.

गेल्या महिन्यात अण्णांनी मला त्या ग्रुपमध्ये घातलं, पगाराच्या शंका थेट विचारता याव्यात म्हणून. गुरुवारचा मेसेज आता पुन्हा मास्तर टाकतात. परवा दुपारी सव्वा बाराला पडला : ‘रविवारी १० जण पाहिजेत. कारण : सोमवारी कंटेनर भरायचा आहे. जमेल त्यांनी नाव टाका.’ अकरा मिनिटांत नऊ नावं आली. मग नंदीध्वजवाल्या पोराने लिहिलं, ‘मास्तर, दहावं तुमचं टाकू का?’

थोडा वेळ काहीच आलं नाही. मग मास्तरांचं उत्तर आलं : ‘टाक बे.’